भूत मिरची : लावणीपासून वाळवणापर्यंत

दिवाळी उलटली की नंदुरबार शहराच्या भोवतालची मोकळी मैदाने लाल दिसू लागतात. ओली लाल मिरची बाजार समितीतून विकत घेऊन व्यापारी ती पथारींवर पसरतात आणि पुढचे काही दिवस सगळा व्यवहार उन्हावर सोपवतात. ढग आले की पथारीवर धावपळ उडते. अवकाळी पावसाची एक सर लाखोंचा माल काळवंडून टाकते. मिरचीच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस म्हणूनच भाव विचारण्याआधी मूठभर मिरची उचलतो, कानाशी हलवतो, एखादी मोडून आत पाहतो. वरचा रंग त्याला फसवू शकत नाही. त्याला आतली ओल हवी असते, म्हणजे ती नसल्याची खात्री हवी असते.

हीच खात्री आता अनेक घरांच्या गच्चीवर हवी झाली आहे. गेल्या काही वर्षांत हौसेने कुंडीत लावल्या जाणाऱ्या झाडांत अतितिखट मिरचीची भर पडली आहे आणि तिच्यात पहिला मान भूत झोलकियाचा. ईशान्य भारताची ही मिरची आसामात भूत झोलकिया, नागालँडात नागा मिर्चा आणि मणिपुरात उमोरोक या नावांनी ओळखली जाते. २००७ साली गिनीज बुकाने तिला जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवले. तेव्हा तिचा तिखटपणा १०,०१,३०४ स्कोविल एकके भरला होता. पुढच्याच वर्षी नागा मिर्चाला भौगोलिक मानांकन मिळाले. तो विक्रम पुढे मोडला गेला. २०१३ साली अमेरिकेतील कॅरोलिना रीपरने आणि २०२३ साली पेपर एक्स या जातीने मान पटकावला. परंतु आपल्या मातीतली, आपल्या हवेची सवय असलेली मिरची म्हणून भूत झोलकियाची बरोबरी त्यांना नाही.

स्कोविल हे एकक व्यापारी मनाला पटेल असे आहे. १९१२ साली विल्बर स्कोविल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट विरळ केला म्हणजे जिभेला तिखट लागेनासे होते, ते मोजले. जितके पट पाणी, तितकी एकके. आज हे काम जिभेऐवजी यंत्र करते, पण मोजमापाचे नाव तेच राहिले. या मापाने गुंटूर सन्नम मिरची ३५ ते ४० हजारांच्या आसपास बसते, तर रंगासाठी नावाजलेली ब्याडगी त्याच्याही बरीच खाली. म्हणजे एक तोळा भूत मिरची अंदाजे पंचवीस तोळे गुंटूरच्या तिखटाची भरते.

ईशान्येतून ही मिरची आपल्या घरांत पोहोचली तीही व्यापाराच्याच वाटेने. गुवाहाटी आणि दिमापूर येथे मारवाडातून गेलेल्या जैन व्यापारी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत. दिमापूरचे दिगंबर जैन मंदिर १९४७ साली उभे राहिले. लग्नकार्याला येताना तिकडचे सोयरे चहासोबत सुक्या मिरचीची एखादी पुडीही आणतात. त्या पुडीच्या तळाशी उरलेले बी कोणीतरी कुंडीत टाकतो आणि गोष्टीला आरंभ होतो.

जैन स्वयंपाकघराला सुकी मिरची लागते तशी क्वचितच दुसऱ्या कोणाला लागत असेल. कांदा नाही, लसूण नाही, ओले आले नाही. आठम, चौदस आणि पर्युषणात लीलोतरीचा त्याग असला की हिरवी मिरची आणि कोथिंबीरही जाते. मग त्या दिवशीच्या मुगाच्या वरणाची सारी चव जिरे, हिंग आणि सुक्या लाल मिरचीच्या खांद्यावर येते. आणि हा पदार्थ तसा अलीकडचा. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारताच्या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वीच्या पाकक्रियेत तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि सुंठ करीत. आयंबिलाच्या ताटात अजूनही लाल मिरचीला जागा नसते आणि मिरी-सुंठ तेवढी चालते, तेव्हा ते ताट एका अर्थाने मिरचीपूर्व काळाचेच म्हणावे लागेल.

तरीही एक प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो टाळता येण्यासारखा नाही. सहा बाह्य तपांत रसपरित्याग सांगितलेला असताना जगातील तिखटांत तिखट मिरची मुद्दाम पिकवणे हा जिभेचा लाड नव्हे काय? शंका रास्त आहे. कोणी किती खाऊ शकतो याची पैज लावण्यासाठी ही मिरची लावायची असेल, तर ती न लावलेली बरी. मात्र जिथे वर्षाला पाच-सहा किलो मिरची निवडायची, वाळवायची, कांडायची आणि चातुर्मासभर सांभाळायची, तिथे मूठभर मिरचीत तेच काम होत असेल, तर सांभाळण्याचा पसारा आणि त्यात होणारी जीवविराधना, दोन्ही कमी होतात. मिरचीतील पुष्कळ बियांमुळे काही श्रावक ती वर्ज्य मानतात. तिथे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांचा शब्द प्रमाण मानावा.

लागवडीचे वेळापत्रक मात्र पंचांग समोर ठेवूनच आखावे. चातुर्मासात माती उकरणे अनेक श्रावक घरे टाळतात, आणि सुदैवाने या मिरचीची चालही त्याला सोयीची आहे. भूत मिरचीचे बी आळशी असते. साधी मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. हिला दोन ते चार आठवडे लागतात, क्वचित अधिकही. बी चैत्रात लावले, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, सावलीच्या पण उबदार जागी, तर ज्येष्ठात रोप कुंडीत हलवण्याजोगे होते. आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी मातीचे सारे काम आटोपलेले असावे. त्यानंतर चार महिने रोपाला पाण्यावाचून दुसरे काही लागत नाही, आणि तेही बहुतांशी आकाशातून येते. आश्विनात फुले-फळे दिसू लागतात, फळ हिरव्याचे लाल व्हायला आणखी काही आठवडे घेते, आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर, हवा कोरडी झाली की, तोडणी आणि वाळवण सुरू करता येते.

कुंडी वीस लिटरपर्यंतची असावी. माती घेताना रोपवाटिकेत एक चौकशी हमखास करावी : तयार मिश्रणात हाडांची पूड आहे काय? ‘पोषक’ किंवा ‘सेंद्रिय’ असे लिहिलेल्या पिशव्यांत ती सर्रास असते. काही द्रवखतांत माशांचा अर्कही असतो. जुने, पूर्ण कुजून वाळलेले शेणखत, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि साधी माती एवढ्यावर ही मिरची उत्तम येते. ती मूळची दमट, अर्धसावलीच्या मुलखातली. म्हणून दुपारच्या कडक उन्हात तिच्यावर जाळीची सावली धरावी. पारा पस्तिशीच्या वर गेला की तिची फुले गळतात. आपल्याकडे तिचे तिखट काहीसे उतरते हेही ध्यानात असावे. तेजपूरला आणि ग्वाल्हेरला वाढवलेल्या भूत मिरचीची शास्त्रज्ञांनी तुलना केली, तेव्हा ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिखटपणा निम्म्याहून खाली आल्याचे आढळले होते. निम्मे झाले तरी ते गुंटूरच्या दहापट, तेव्हा निराश होण्याचे कारण नाही.

खरी अडचण किडीची. पाने वळून बोकड्या होणे हा मिरचीचा जुना आजार. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी त्याला कारण. इथे बाजार दोन उपाय पुढे करतो, रासायनिक फवारा आणि सेंद्रिय फवारा. दुसरा निवडला की अहिंसा पाळली, असे समाधान अनेकजण करून घेतात. ते खरे नव्हे. निंबोळी तेलानेही कीड मरते, तिची वाढ खुंटते. पिवळे चिकट सापळे तर मारण्यासाठीच असतात. सेंद्रिय म्हणजे अहिंसक, हे समीकरण बाजाराचे आहे, आगमाचे नाही. जयणा पाळणाऱ्यासाठी वाट एकच, कीड येऊच न देण्याची. रोपावर पहिल्या दिवसापासून बारीक विणीची पांढरी जाळी असावी, कुंड्यांत हातभर अंतर असावे, नत्राचे खत जपून द्यावे, कारण लुसलुशीत कोवळ्या पानांवरच कीड धरते. एवढे करूनही एखादे झाड गेले तर ते गेले. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या जैन कुटुंबांना हा पेच रोजचा आहे आणि त्यांच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे. गच्चीवरच्या चार कुंड्यांना तेवढी सबब नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कुंडीतून झिरपणारे पाणी फरशीवर साचले की तिथे हिरवी लील धरते. लील-फूग, म्हणजे शेवाळ आणि बुरशी, अनंतकाय. तिच्यावर पाय पडू नये म्हणून पावसाळ्यात अंगणातून जपून चालणाऱ्या घराने स्वतःच्या हौसेपायी गच्चीवर तिची पैदास करावी, याहून विसंगत काय असेल? कुंड्या विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर उंच ठेवाव्यात, पाणी मोजून घालावे आणि फरशी कोरडी राहील असे पाहावे.

पिकलेली पहिली फळे बहुधा बुलबुलाच्या दृष्टीस पडतात. त्याला ही मिरची मुळीच तिखट लागत नाही. मिरचीतील दाहक द्रव्य, कॅप्सेसिन, सस्तन प्राण्यांच्या शरीरातील उष्णता जाणणाऱ्या एका ग्राहकाला चेतवते. पक्ष्यांमधील तोच ग्राहक त्याला दाद देत नाही. हा ग्राहक शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. झाडाची सोय यात उघड आहे : दातांनी बी भरडणारा प्राणी दूर राहावा आणि बी अखंड वाहून नेणारा पक्षी यावा. आसामात शेताजवळ येणाऱ्या हत्तींना इजा न करता परतवण्यासाठी दोरखंडांना मिरचीचा लेप देण्याचे प्रयोग झाले, ते याच गुणाच्या जोरावर. जाळी काढल्यावर चार-दोन फळे पाखरांसाठी ठेवायला हरकत नाही.

तोडणीला हातमोजे हवेत. पातळ रबरी मोजे चालतात, कापडी नव्हे. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे हाताला लागलेच तर आधी खाद्यतेल चोळून पुसावे, मग साबण लावावा. नुसत्या पाण्याने ते पसरते, आणि तोच हात तासाभराने डोळ्याला लागला की घरात हलकल्लोळ होतो. लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे, आणि कात्री व पाट नंतर तेलाने पुसून, धुऊन वेगळे ठेवावेत.

आता वाळवण. बहुतेक घरांची वर्षाची मेहनत इथेच वाया जाते, आणि तीही एका समजुतीमुळे : एवढ्या तिखट मिरचीला काय धाड भरली आहे, तिला कीड लागणारच नाही. लागते. मसाल्यात होणारे बारीक तपकिरी भुंगेरे तिखटाला भीत नाहीत. ते मिरचीच्या डब्यात जन्मतात आणि तिथेच वाढतात. बुरशीलाही ओल मिळाली की तिखटाची पर्वा नसते, आणि मिरचीवर धरणाऱ्या काही बुरशींचे विष, अफ्लाटॉक्सिन, दळून किंवा शिजवून पुरते जात नाही. निर्यातीचा माल ज्यांनी पाठवला आहे त्यांना त्या विषाचे नाव ठाऊक असते. घरात त्याची तपासणी करणारे कोणी नसते, म्हणून तिथे अधिक सावध राहावे लागते.

भूत मिरची फसवते ती अशी. तिची साल पातळ, सुरकुतलेली. दोन उन्हांत ती वरून कडकडीत दिसू लागते. पण आत, बियांना धरून ठेवणारा जो पांढरा गर असतो, तो ओला राहतो. सर्वाधिक तिखट याच गरात असते, बियांत नव्हे, आणि सर्वाधिक ओलही तिथेच. अशी वरवर वाळलेली मिरची बरणीत भरली की आठवड्याभरात आतून पांढरी-करडी फूग धरते. बाहेरून कळतही नाही. ती दळली तर अनंतकायाची विराधना, फेकली तर त्यातील जीवांचे काय हा प्रश्न, आणि खाल्ली तर आरोग्याला अपाय.

म्हणून हिला अखंड वाळवू नये. देठ काढून प्रत्येक फळ कात्रीने उभे चिरावे. यात दुहेरी लाभ आहे : गर उन्हाला उघडा पडतो आणि आत एखादी अळी शिरली असेल तर ती वेळीच दिसते. दिसली तर ते फळ तसेच झाडाखाली सावलीत ठेवावे. चिरलेली मिरची धुतलेल्या सुती कापडावर, बाजेवर, एका थरात पसरावी. प्लास्टिकवर खालून घाम धरतो. वरून विरळ मलमल, म्हणजे माश्या बसणार नाहीत आणि कोणी त्यात अडकणारही नाही. दिवसातून दोनदा चिमट्याने उलथावी. सूर्यास्तापूर्वी ती घरात आली पाहिजे. मार्गशीर्ष-पौषात दिवसाचे ऊन कोरडे असले तरी रात्री दव पडते आणि दिवसभराची कमाई पहाटेपर्यंत परत जाते. रात्री कापडाखाली ढीग करून ठेवली की आतली ओल सालीकडे येते. सकाळी मिरची पुन्हा किंचित मऊ लागली तर घाबरू नये, ते चांगलेच लक्षण आहे. चांगल्या उन्हात चार-पाच दिवस, ढगाळ हवेत आठवडा. विजेच्या वाळवणी यंत्रात पन्नास-पंचावन्न अंशांवर आठ ते बारा तास पुरतात, पण यंत्र बाल्कनीतच ठेवावे. बंद स्वयंपाकघरात ठेवले तर ठसक्याने घरच काय, शेजारही रिकामा होतो.

कसोटी तीच, पथारीवरच्या व्यापाऱ्याची. तुकडा वाकवला तर वाकता कामा नये, मोडला पाहिजे. बी हलवताच वाजले पाहिजे. आणि गर बोटांत चुरला तर पीठ झाला पाहिजे. जराही चिकटला तर आणखी एक ऊन. बाजारात सुक्या मिरचीत दहा-अकरा टक्क्यांपर्यंत ओल चालते. घरच्या साठवणीला त्याहून कोरडी असावी. चार-पाच किलो साधी लाल मिरची वाळून जेमतेम किलोभर होते. भूत मिरचीत घट आणखी मोठी. पहिल्या वर्षी दोन कुंड्यांतून हाती येणारी पुडी पाहून व्यापारी मन खट्टू होणे साहजिक आहे.

पण हिशेब पुढे आहे. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला भूत असा मेळ घातला, तर ब्याडगीचे स्वतःचे तिखट सोडून दिले तरी एका किलोत चाळीस ग्रॅम भूत मिरची मिसळल्याने गुंटूरच्या तोडीचे तिखट होते. घरच्या मिरचीचा जोर निम्मा धरला तर ऐंशी ग्रॅम. दळण गिरणीत नेणार असाल तर गिरणीवाल्याला आधी सांगावे. न सांगणे हा सरळसरळ अन्याय आहे, कारण पुढच्या गिऱ्हाइकाचे पीठही त्याच जात्यातून निघते. दळण्याऐवजी आणखी सोपे म्हणजे फोडणीत एक छोटा तुकडा तुपावर क्षणभर टाकून काढून घेणे. चार माणसांच्या वरणाला तेवढे पुष्कळ.

चुकून जास्त झालेच तर काय? सगळीकडे सांगितले जाते की दही खा. दुधातील प्रथिने हा दाह खरोखर उतरवतात, पाणी उतरवत नाही. पण तिखट वरणावर कच्चे दही म्हणजे द्विदळ. म्हणून दूध किंवा ताक आधी नीट गरम करून मगच द्यावे, किंवा तूप लावलेला मऊ भात. चौविहार पाळणाऱ्या घरात तर सूर्यास्तानंतर यांतला एकही उपाय उरत नाही आणि पाण्याचा घोटही नाही. संध्याकाळच्या जेवणात ही मिरची न वापरणे, हा नियम अशा घरांनी स्वतःच करून घ्यावा.

साठवणीला काचेची घट्ट झाकणाची बरणी, अंधारे कपाट, सोबत हिंगाचा खडा. उजेडात रंग उडतो. बरणीवर नाव, वाळवणाची तिथी आणि ‘अतितिखट’ हा शब्द ठळक लिहावा, कारण पाहुणी आलेली आत्या किंवा नवी सून साध्या मिरचीच्या भरवशावर पाच-सहा तुकडे फोडणीत टाकील. ज्येष्ठात, मृगाच्या सरी यायच्या आत, बरणी एकदा पूर्ण रिकामी करावी, तुकडा न्‌ तुकडा उजेडात पाहावा आणि एका दिवसाचे कडक ऊन पुन्हा द्यावे. मिरची तापलेली असताना बरणीत भरू नये. पार निवल्यावर, दिवस मावळण्याआधी भरावी. नव्या रोपांना कुंड्यांत हलवण्याचे दिवसही हेच असतात.